बारा दिवसांची फेरी आणि खाणीवरचे घर

प्रश्न असा होता: एखादी जमीन खचते आहे हे आकाशातून वेळेवर कळायचे असेल, तर तिच्याकडे किती दिवसांनी पाहिले पाहिजे?

हा प्रश्न माझ्यापुढे कामाचा भाग म्हणून आला. मी ताथवड्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात भूमापन आणि दूरसंवेदन शिकवते. पृथ्वीचा बदलता पृष्ठभाग पाहण्यासाठी पुढील काळात जे रडार उपग्रह सोडायचे, त्यांनी काय पाहावे, किती बारीक पाहावे आणि किती दिवसांनी पाहावे, याची शिफारस करण्यासाठी एक अभ्यासगट नेमला गेला होता. शेती, हिमनद्या, किनारे, जंगले अशा विषयांचे जाणकार त्यात होते. शहरांखालच्या जमिनीविषयी बोलायला जी दोन-तीन माणसे घेतली होती, त्यांत मी होते. उपग्रह प्रत्यक्ष उडतो त्याच्या कितीतरी वर्षे आधी हे काम चालते. तेव्हा उपग्रह म्हणजे कागदावरचा एक तक्ता असतो. त्या तक्त्यातल्या एका रकान्यात 'पुनर्भेटीचा अवधी' असे लिहिलेले असते. त्या रकान्यात कोणता आकडा भरायचा, यावर महिनोन् महिने चर्चा होते.

त्याच वर्षी हा प्रश्न मला माझ्या थोरल्या बहिणीनेही विचारला. तिचे शब्द साधे होते. ती म्हणाली, "तुझ्या उपग्रहाला विचार ना, आम्ही इथं राहायचं की नाही?"

ताईचे घर चऱ्होलीत, एका चार मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर. रिक्षावाले त्या सोसायटीला पाटीवरच्या नावाने ओळखत नसत. 'खाणीवरची' म्हटले की बरोबर दारात आणून सोडत. तिथे पूर्वी दगडाची खाण होती, हे कोणी कधी लपवले नव्हते. खाण बंद पडली, तिच्यात पाणी साचून राहिले, मग शहरात पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा आणि मुरूम टाकून ती बुजवण्यात आली. वरून रोलर फिरला आणि इमारती उभ्या राहिल्या. भराव ताजा असतो तेव्हा तो बसत जातो, आणि पाणी मुरले की जास्त बसतो. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत आले आहे.

ताईच्या स्वयंपाकघराचे दार चौकटीत अडकू लागले, तेव्हा दाजींनी ते उतरवून रंधा मारला. पुढच्या वर्षी पुन्हा अडकले, पुन्हा रंधा मारला. तिसऱ्या वेळी मी तिथेच होते. दाजी गुडघ्यावर बसून दाराची कड तासत होते आणि ताई ओट्याशी उभी राहून पाहत होती.

"अजून दोन-तीन पावसाळे गेले की दाराची नुसती पट्टी उरेल," ती म्हणाली. "कपडे बडवायला कामी येईल."

दाजी म्हणाले, "लाकूड आहे. पावसात फुगतं."

"आणि भिंत? तीपण फुगते का?"

भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपा तडा गेला होता. तडा तिरपा असेल तर तो बहुधा गिलाव्याचा दोष नसतो. इमारतीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक खाली जात असल्याची ती खूण असू शकते. मी तसे सांगितले. दाजींनी मान हलवली, पण ते उठले नाहीत.

दाजी चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांचे वडील आणि आमचे वडील पिंपरीत एकाच कारखान्यात कामाला होते, आणि दोन्ही घरे एकाच विहारात जाणारी. त्यामुळे ते आमच्या घरात जावई म्हणून येण्यापूर्वीपासूनच माहितीचे होते. कंपनीत त्यांनी एक नियम आयुष्यभर पाळला: डोळ्यांना वाईट दिसतो म्हणून कोणताही जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बाद करायचा नाही. मापाचे गेज लावायचे. गेज बसले तर माल पास, नाही बसले तर बाद. चांगला नियम आहे. त्यानेच त्यांना नाव मिळवून दिले होते. घरालाही त्यांनी तोच लावला.

"तडा काय, सगळ्या चऱ्होलीत आहे," ते मला म्हणाले. "नजरेनं घर रिजेक्ट करू का? माप दाखवा मॅडम, दुसऱ्या दिवशी सामान बांधतो."

मला ते नेहमी 'मॅडम' म्हणत. त्यात अर्धी थट्टा होती आणि अर्धा अभिमान.

वाचक विचारतील की भूमापन शिकवणाऱ्या बाईने सरळ पातळी मोजण्याचे लेव्हल यंत्र लावून का पाहिले नाही. मी ते सुचवले होते. सोसायटीच्या सभेत नकार आला. बरेच फ्लॅट विक्रीला काढलेले होते. अंगणात यंत्राची तिपाई उभी दिसली की गिऱ्हाईक पळते, असे कारण देण्यात आले. इमारतीची तपासणी करून घेण्याचा ठरावही त्याच कारणाने मागे पडला. घर सोडण्याइतपत भीती कोणालाच वाटत नव्हती, आणि विकण्याइतपत बहुतेकांना वाटत होती. सभेहून परत येताना दाजी म्हणाले, "वरून बघायला तर कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही ना?" लागत नाही, हे खरे होते.

रडार उपग्रह कसा पाहतो, हे इथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. तो फोटो काढत नाही. तो लहर खाली पाठवतो आणि जमिनीवरून परतलेल्या लहरीची अवस्था टिपून ठेवतो. ठरलेल्या दिवशी त्याच वाटेने पुन्हा येऊन पुन्हा टिपतो. आम्ही ज्याची चित्रे वापरत होतो, तो बारा दिवसांनी परतत असे. मधल्या काळात जमीन किंचित खाली गेली असेल, तर लहरीला किंचित लांबचा प्रवास पडतो, आणि तेवढ्या फरकावरून खचण्याचे माप मिलिमीटरांत काढता येते. अट एकच: लहर परतवणारी वस्तू दोन्ही वेळा तीच असली पाहिजे. उघडा खडक चालतो, पूल चालतो, जुनी पक्की इमारत चालते. गवत चालत नाही, आणि खणली जाणारी जमीन तर मुळीच नाही.

माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्या पिंपरी ते चाकण पट्ट्याचा नकाशा तयार केला, तेव्हा ही अट डोळ्यांना दिसली. जिथे माप निघाले तिथे रंगीत ठिपका, निघाले नाही तिथे राखाडी. पिंपळे सौदागरवर ठिपक्यांची दाटी झाली होती. तिथल्या मोठ्या सोसायट्या आता बांधून पूर्ण झाल्या आहेत. चाकणच्या कारखान्यांची छपरेही चमकत होती. चऱ्होली मात्र जवळजवळ सगळी राखाडी. कारण तिथे एका फेरीला मुरमाचा ढीग असे, दुसऱ्या फेरीला खड्डा, तिसऱ्या फेरीला परांची. जिथे जमीन सर्वांत वेगाने बदलत होती, तिथेच उपग्रहाला काही सांगता येत नव्हते.

यावर एक जुना, साधा उपाय आहे. धातूचे तीन पत्रे एकमेकांशी काटकोनात जोडून त्यांच्या कोपऱ्याची उघडी बाजू आकाशाकडे वळवायची. असा परावर्तक आलेली लहर आल्या वाटेने परत पाठवतो आणि चित्रात ठळक ठिपका म्हणून उमटतो. दाजींनी तो करून घेण्याचे काम अंगावर घेतले. चाकणच्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात तो बनला. दाजींनी गुण्या लावून तपासला, एक कोन किंचित उघडा वाटला म्हणून परत पाठवला, पुन्हा करवून घेतला. पाणी साचू नये म्हणून तळाला भोके पाडली. महाविद्यालयाचा प्रयोग आहे, एवढेच सोसायटीत सांगून तो ताईच्या घराच्या वर, गच्चीच्या कोपऱ्यात बसवला. लोकांना ती नव्या तऱ्हेची डिश वाटली. कोणी कपडे वाळत घालू लागले, तर दाजी पुढची फेरी कधी आहे ते सांगून दोऱ्या उतरवायला लावत. "नवऱ्याला आता आकाशातल्या पाहुण्याची काळजी," असे ताई शेजारणीला सांगत असे.

पहिल्याच चित्रात ठिपका आला. दाजींनी तो मोबाइलवर मोठा करून ताईला दाखवला आणि म्हणाले, "हे आपण."

हिवाळाभर आणि उन्हाळाभर मापे येत राहिली. इमारतीचा तो कोपरा खाली जात असल्यासारखे वाटत होते, पण तो कल मोजमापात होऊ शकणाऱ्या चुकीपेक्षा मोठा नव्हता. मी दाजींना तसेच सांगितले: भराव पावसात बसतो, म्हणून पावसाळ्याची मापे या कोरड्या मापांना जोडून पाहिली तरच काही ठामपणे म्हणता येईल. त्यांना हे पटले. ताईला पटले नाही. पावसाळा याच घरात काढायचा, एवढाच त्याचा अर्थ तिला लागला, आणि तो बरोबर होता.

आता या भागातली एक रीत सांगते. मे महिना लागला की आमच्याकडे गच्च्यांवर पत्रे चढतात. स्लॅब गळतो, वरच्या मजल्याच्या छताला ओल येते, म्हणून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून पूर्ण गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची. नवी वस्ती दोन-चार पावसाळ्यांत इथवर येतेच. ताईच्या इमारतीचा स्लॅब गळत होता, कारण त्याला तडे होते. तडे होते, कारण खालचा भराव बसत होता. दुखण्यावर पत्रा घालण्याचा निर्णय सभेत एकमताने झाला. दाजींनीही हात वर केला. गळती त्यांच्याच छताला होती.

परावर्तक शेडखाली गेला असता, म्हणून दाजींनी तो उचलून शेडच्या सांगाड्यावर वेल्ड करून घेतला. कोन पूर्वीचाच ठेवला, दिशा पूर्वीचीच ठेवली. काम अगदी नीटस होते.

"जागा तीच आहे ना?" त्यांनी विचारले.

मी म्हणाले, जागा तीच आहे, पण उंची निराळी आणि आधारही निराळा. उपग्रहाच्या दृष्टीने ही नवी वस्तू आहे. जुनी मापे हिला जोडता येणार नाहीत.

त्यांनी वेल्डचा जोड बोटाने चाचपला. मग म्हणाले, "म्हणजे झीरो पुन्हा सेट."

जूनमध्ये अभ्यासगटाची शेवटची मोठी बैठक झाली. त्या बैठकीत प्राधान्याची क्षेत्रे ठरायची होती. त्या क्षेत्रांवरून उपग्रह अधिक वेळा जाईल अशी योजना होती. निकष आधी ठरलेला होता: चाचणीच्या नकाशात जिथे खचणे मोजले गेले आहे, ते क्षेत्र घ्यावे. आमच्या पट्ट्याचा नकाशा पडद्यावर आला. अध्यक्षांनी राखाडी भागावर बाण फिरवून हा भाग बाजूला ठेवू, इथे मोजलेला बदल काही नाही, असे सुचवले. मी उभी राहून सांगितले की कोरी जागा म्हणजे स्थिर जागा नव्हे. तिथे बदल दोन फेऱ्यांमध्ये मावत नाही म्हणून ती कोरी आहे. फेऱ्या अधिक झाल्या, लहर अधिक लांबीची घेतली, तर ती भरेल.

त्यांनी मला शांतपणे ऐकून घेतले. ते मुळात शिक्षकच होते. त्यांचे उत्तर मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण त्यात चूक दाखवता येत नाही. रुंद पट्टा पाहणे, बारीक पाहणे आणि वारंवार पाहणे, या तिन्ही गोष्टी एका उपग्रहाला एकाच वेळी साधत नाहीत. वीज मर्यादित असते, चित्रे खाली पाठवण्याची क्षमता मर्यादित असते. शेतीला आणि पुराला सारा देश पाहिजे. एका शहराच्या कडेसाठी फेऱ्या वाढवल्या, तर दुसरीकडचे काहीतरी दिसायचे राहील. शेवटी ते एवढेच म्हणाले, "मॅडम, उपग्रह एका घरासाठी पाठवत नाहीत." माझ्या मनात कोणते घर आहे, हे त्यांना माहीत नव्हते. भरावावरच्या वस्त्या 'पुढील मोहिमांसाठी विचारार्थ' या शीर्षकाखाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी चऱ्होलीला गेले. दाजी बाहेर गेले होते. ताईने चहा ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एक आकडा सांग त्यांना. खोटा सांग. तुझ्या तोंडून आला की ऐकतील."

दाजी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि जे होते ते सांगितले: माप नाही, आणि या पावसाळ्यात मिळेलच असे नाही. माप नसणे हीच इथली बातमी आहे. ती ऐकून निघावे.

"बातमी नको मॅडम," दाजी म्हणाले. "माप द्या."

"आणि माप आलंच नाही तर?" ताईने विचारले.

"एवढा कोन धरून वेल्ड केलंय. येईल."

ताई त्याच आठवड्यात दोन पिशव्या आणि बुद्धाची लहान मूर्ती घेऊन माझ्याकडे राहायला आली. भांडण असे झाले नाही. दाजी संध्याकाळी स्कूटरवरून ताथवड्याला जेवायला येत, भाजीत मीठ कमी आहे म्हणत, आणि परत जात. इमारतीतले बाकीचे लोकही तिथेच राहत होते. ताई दाजींच्या पाठीमागे दार लावून घेई आणि बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी राही.

जुलैमध्ये संततधार लागली. फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी, वाऱ्याने शेडचे पत्रे वाजू लागले म्हणून दाजी पाना घेऊन गच्चीवर गेले. परावर्तक हलू नये म्हणून त्यांनी सांगाड्याचे बोल्ट आवळले. उतरताना, गच्ची आणि त्यांचा मजला यांच्यामधला जिन्याचा चौथरा भिंतीपासून सुटला आणि ते त्याच्याबरोबर खाली आले. शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून उतरवले. अग्निशमन दलाने दुपारपर्यंत सारी इमारत रिकामी केली. महापालिकेच्या अभियंत्यांनी पाहिले, तेव्हा इमारतीचा तो कोपरा चार बोटे खाली गेलेला होता. दुसरे कोणी जखमी झाले नाही. दाजींच्या मांडीचे हाड आणि कंबर, दोन्ही मोडली होती.

शस्त्रक्रियेनंतर ते नीट बोलू लागले, तेव्हा त्यांनी ताईची चौकशी केली, स्कूटर कुठे आहे ते विचारले, आणि मग माझ्याकडे वळले.

"फेरी झाली असेल ना? किती आलं?"

मी चित्र पाहिले होते. ठिपका जागेवर होता, उत्तम चमकत होता. माप निघाले होते: काही मिलिमीटर.

ते सांगणे मला फार जड गेले, पण कारणासकट सांगितले. भिंतीवरच्या घड्याळाचा फक्त मिनिटकाटा दिसतो आहे असे समजा. आधी पाहिले तेव्हा तो बारावर होता, आता एकवर आहे. पाच मिनिटे गेली, की एक तास पाच मिनिटे, की तीन तास पाच मिनिटे, हे काट्यावरून कळत नाही. लहरीचेही तसेच आहे. आमच्या उपग्रहाच्या लहरीचा एक फेरा साधारण पावणेतीन सेंटीमीटरला पूर्ण होतो. उपग्रहाच्या दोन भेटींच्या मधे जमीन त्याहून जास्त खाली गेली, तर लहरीचे पूर्ण झालेले फेरे मोजले जात नाहीत; वर उरलेला तुकडा तेवढा दिसतो. तो कोपरा चार बोटे गेला, आणि उपग्रहाने काही मिलिमीटर सांगितले.

परिचारिका येऊन सलाईन बदलून गेली. ती गेल्यावर दाजी म्हणाले, "म्हणजे हे आधी आलं असतं, तर मी राहिलोच असतो."

मी हो म्हणाले.

"गेज खोटं नव्हतं," ते म्हणाले. "रेंज कमी पडली."

ताई उशाशी बसली होती. तिने त्यांच्या अंगावरची चादर सरळ केली आणि म्हणाली, "आता गप्प पडा."

आज ती दोघे ताथवड्यातच तळमजल्यावर एका भाड्याच्या खोलीत राहतात. दाजी कुबडी घेऊन दारापर्यंत येतात. त्यापुढे जाता येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. इमारत अजून उभी आहे, रिकामी. तिच्यावरचा पत्रा कोणीतरी काढून नेला. अभ्यासगटाचा अहवाल पुढे गेला आहे. मी त्याला माझे वेगळे टिपण जोडले: भरावावरच्या वस्त्यांसाठी लांब लहरीचा उपग्रह हवा आणि पावसाळ्यात त्याची फेरी काही दिवसांनी हवी, तोवर राखाडी जागेला सुरक्षित जागा समजू नये. ते टिपण परिशिष्टात छापले आहे. त्याप्रमाणे उपग्रह झालाच, तर तो उडेपर्यंत आमच्या भागात आणखी कितीतरी खाणी आणि ओढे बुजलेले असतील.

हे सारे एका इमारतीवरून आणि एका बहिणीच्या घरावरून लिहिले आहे, म्हणून ते कोणी तसेच खरे धरू नये. जुनी उपग्रहचित्रे आता कोणालाही फुकट पाहता येतात. त्यांत आपल्या घराची जागा शोधा, घर बांधले त्याच्या आधीच्या वर्षांपर्यंत मागे जा, आणि तिथे खाण, ओढा किंवा तळे होते का ते पाहा. असेल, तर सोसायटीचा ठराव होण्याची वाट न पाहता जाणकाराला बोलावून इमारतीची पातळी मोजून घ्या. माझे म्हणणे चुकीचे निघाले, तर मला आनंदच होईल. कृपया स्वतः तपासून पाहा.